भोगव्यात उभ्या असलेल्या १९७२च्या ट्रेलरला नवीन एसी: कुठला घ्यावा, कसा बसवावा?

सुरुबन | २३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला देता येणार नाही.

आमच्याकडे अमेरिकन बनावटीचा एक ट्रेलर आहे, १९७२चा. बाहेरून ॲल्युमिनियम, तळाला प्लायवुड. आतली लांबी १६ फूट, रुंदी ७, उंची साडेसहा. बाबा मुंबईला गोदीत कामाला होते. १९८१ साली एक परदेशी इंजिनियर मायदेशी परतताना तो विकून गेला आणि बाबांनी साठवलेले सगळे पैसे घालून घेतला. घरात सगळे त्याला 'डबा' म्हणतात. निवृत्तीनंतर बाबांनी डबा कोकणात भोगव्याला आणला आणि वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला उभा केला. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आई आता ७६ वर्षांची आहे. उन्हाळ्यात ती घरात झोपतच नाही, डब्यात झोपते. तिथे बाबांचा रेडिओ आहे, त्यांची खुर्ची आहे. मी तिला 'घरात ये' म्हणणार नाही, त्यापेक्षा डबा थंड करीन.

अडचण अशी. छतावर मूळचा एसी आहे. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल (हर्ट्झ), थंडाव्याची ताकद १३,५०० बीटीयू, गॅस आर-२२ असं वाचता येतं. बाबा तो उतरत्या ट्रान्सफॉर्मरवर चालवायचे. मागच्या मे महिन्यात तो नुसता घुमायला लागला आणि दर वेळी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पडायला लागली. छताचं भोक १४ इंच बाय १४ इंच. भोकाभोवती आतून डाग आहेत आणि बोटाने दाबलं की मऊ लागतं. संध्याकाळी आमच्याकडे लाइटचा दाब १८५ ते २०० व्होल्टच्या मधे असतो. डबा वर्षातून दोनदाच हलतो: पावसाच्या तोंडावर तीन किलोमीटरवरच्या शेडमध्ये, दिवाळीनंतर परत वाडीत.

छतावरचाच नवीन मागवू, मागच्या भिंतीत विंडो बसवू, की स्प्लिट? मे उजाडायच्या आत काम व्हायला हवं.

कोरडी हवा | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

ताई, छान धागा. माझं मत सरळ आहे: दीड टनाचा विंडो घ्या. पत्र्याचा डबा, वर कोकणातला मे महिना, तिथे एक टन पुरणार नाही. आमच्या पुण्यातल्या गच्चीवरच्या खोलीत दीड टन लावला आणि दहा मिनिटांत गारेगार होते.

तांबडी माती | २४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

दीड टन अजिबात घेऊ नका. पुण्याची गोष्ट वेगळी आणि भोगव्याची वेगळी, ते समजावून सांगतो. मी बत्तीस वर्षं जहाजांवर रेफ्रिजरेशन सांभाळलं, आता रत्नागिरीला असतो.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा अडतीसला जातो, पण हवा कोरडी असते. एसीला फक्त उष्णता बाहेर टाकायची असते. आपल्याकडे किनाऱ्यावर पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो, पण हवेत पाणी किती असतं बघा. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम बाष्प असतं. माणसाला बरं वाटेल अशा हवेत, म्हणजे २६ अंश आणि ५५ टक्क्यांना, ते साडेतेरा ग्रॅमच असतं. मधले अकरा-साडेअकरा ग्रॅम एसीला कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर, पाणी करून गाळावे लागतात. एक लिटर पाणी असं गाळायला जवळजवळ ६८० वॅट-तास इतकं थंडावण्याचं काम खर्ची पडतं. कोकणात एसीचं निम्मं दुखणं हेच आहे.

आता मोठा एसी छोट्या जागेत लावला की काय होतं? दहा मिनिटांत हवा चोवीसवर येते आणि कंप्रेसर बंद पडतो. पण पाणी गळायला कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. ती तेवढ्यात गरम होते आणि तिच्यावरचं ओल पंख्याच्या वाऱ्याने परत खोलीतच येतं. मग अंग गार पण चिकट, उशी दमट, आठवड्याभरात कपाटात बुरशी. आईंना सकाळी सांधे आखडल्यासारखे होतील ते वेगळंच.

म्हणून लहान एसी आणि तो सतत हळू चालणारा, म्हणजे इन्व्हर्टर. आकड्यांचा हिशेब दुपारी टाकतो.

वीजतंत्री | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

+१. मी विजेपुरतं बोलतो.

जुना एसी का गेला असावा: ट्रान्सफॉर्मर २३०चे ११५ व्होल्ट करतो, पण आपल्या विजेच्या ५० सायकलच्या ६० करत नाही. ६० साठी बांधलेली मोटर ५० वर एक षष्ठांशाने हळू फिरते, म्हणजे पंख्याचा वाराही कमी. शिवाय तेवढ्याच दाबाला तिचा लोखंडी गाभा जास्त करंट ओढतो आणि तापतो. ११५ ऐवजी साधारण ९६ व्होल्ट दिले असते तर तिला झेपलं असतं. इतकी वर्षं तो चालला ही त्या बांधणीची कमाल. त्यामुळे अमेरिकेतून तसाच ११५ व्होल्टचा नवीन एसी मागवायचा विचार सोडून द्या. छतावरचाच हवा तर २३० व्होल्ट, ५० सायकलचा मिळतो, तो घ्या.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. अमेरिकन वायरिंगमध्ये काळी वायर फेज असते, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. गावातला वायरमन डब्याच्या आतली काळी वायर बघून सहज न्यूट्रलला जोडेल. त्या काळात तिकडे काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या वायरीही घालत, त्यांचे सांधे ढिले होऊन तापतात. एसीची लाइन मुळातून नवीन ओढा: तांबं, २.५ चौरस मिमी. बोर्डापासून डबा किती लांब आहे?

सुरुबन | २४ फेब्रुवारी, सकाळी ११:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. घराच्या बोर्डापासून डबा सुमारे ३० मीटर. सध्या बाबांनी टाकलेली जुनी केबल आहे, दीड मिमीची.

काळ्या वायरीचं वाचून अंगावर काटा आला. बाबांनी बोर्डाच्या आत मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे, 'काळी = फेज, हात लावू नये'. आजवर तिचा अर्थ मला कळलाच नव्हता.

वीजतंत्री | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

ती चिठ्ठी जपून ठेवा.

दीड मिमीच्या केबलमध्ये ३० मीटर जाऊन ३० मीटर परत, असा पाऊण ओमच्या आसपास रोध होतो. साधा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर चाळीस ॲम्पियर ओढू शकतो. म्हणजे केबलमध्येच तीस-एक व्होल्ट गेले. मुळात १९० आणि त्यातून तीस वजा. कंप्रेसर उचलणारच नाही, घुमत राहील. तुम्ही सांगितलेलं लक्षण हेच. नवी केबल ४ चौरस मिमीची टाका. इन्व्हर्टर एसी सावकाश सुरू होतो, त्याला हा झटका नसतो. पण तो किती व्होल्टपर्यंत चालतो हे पाटीवर वाचूनच घ्या. १६०च्या खालपर्यंत चालणारे मिळतात, मग स्टॅबिलायझर लागणार नाही.

आणि अर्थिंग. डबा रबरी टायरवर उभा असतो, जमिनीशी त्याचा संबंध नाही. आत कुठे गळती झाली तर अख्खं ॲल्युमिनियमचं अंग जिवंत होतं, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला झटका बसतो. डब्याच्या चॅसीला स्वतंत्र अर्थ आणि ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). ह्यात तडजोड नाही. वाळूत लोखंडी पाइप खाऱ्या ओलीने खाल्ला जातो, तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घाला.

गॅसवाला कुडाळ | २४ फेब्रुवारी, दुपारी २:४५

ताई, मी कुडाळाक एसीची कामां करतंय, पंचवीस वर्षां झाली. एक सांगतंय, रागावू नकात. एसी घेवच्या आधी डब्यार माटव घाला. पोफळीचे वासे उभे करा, वर चुडतांचे (माडाच्या झावळांचे) झाप, आणि छप्पर नि झाप हेंच्या मधी दोन फूट जागा ठेवा. वारो मधसून जावक होयो. आमच्या आजयां-पणजयांनी खळ्यात ह्याच केला. उन पत्र्यार पडलाच नाय तर एसीचा अर्धा काम कमी होता. माडाखाली मात्र डबो उभो करू नकात, नारळ पडलो तर छप्पर गेला.

विंडो लावतलात तर तेच्या बाजूच्यो जाळयो मोकळ्यो ठेवा. तो बाजूसून हवा घेता आणि मागसून गरम टाकता. लोक कपाटात बसवून बाजू बंद करतत, मगे म्हणतत गार होणा नाय.

खाऱ्या वाऱ्यात कॉइलीवरचे ॲल्युमिनियमचे पातळ पंख पीठ होतत. कॉइल तांब्याची आणि लेप दिलेली घ्या. म्हयन्यातून एकदा गोड्या पाण्यान धुवा, पण प्रेशर पंप मारू नकात, पंख दुमडतत. आणि भायल्या युनिटात पाल शिरता. बोर्डार बसली की बोर्ड गेलो. भोकांक बारीक जाळी मारा.

पाणकावळा | २४ फेब्रुवारी, रात्री ८:१०

गॅसवाल्या दादांनी जे सांगितलं तेच मी करून बसलो होतो. माझा ट्रेलर दिवेआगरला असतो, देशी बांधणीचा, तुमच्यापेक्षा लहान. मागच्या कपाटात पाऊण टनाचा विंडो बसवला आणि बाजूच्या जाळ्या कपाटाच्या फळ्यांनी झाकल्या गेल्या. दोन उन्हाळे तो नुसता तापून बंद पडत होता. शेवटी फळ्या कापून दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा केली, गरम हवा परत आत वळू नये म्हणून मागच्या तोंडाभोवती पत्र्याची चौकट लावली, तेव्हा कुठे सुधारला. तरी आवाज आहेच, कंप्रेसर उशाशी असतो. आईंना झोपायचं आहे, त्यामुळे मी विंडो सुचवणार नाही.

माटवाबद्दल एक. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावरच आलं. शेजारच्या मांडवाचे वासे माझ्या ट्रेलरच्या भिंतीत घुसले, अजून ठिगळ आहे. मांडव असा बांधा की तासाभरात सोडता येईल. मे महिन्याच्या शेवटी तो काढूनच ठेवा. तौक्ते तर २०२१च्या मेच्या मध्यालाच आपल्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा इशारा कधीही येऊ शकतो हे धरून चाला.

तांबडी माती | २४ फेब्रुवारी, रात्री ९:००

हिशेब टाकतो. बाहेर ३३ अंश आणि ७० टक्के, आत २६ आणि ५५, भर दुपार, माणसं दोन. भिंतींतलं जुनं ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचेचा कापूस) बसून गेलेलं असणार असं धरलं आहे.

तापलेल्या छतातून सुमारे ५०० वॅट, भिंतींतून ५००, तळातून १००, काचांतून येणाऱ्या उन्हाचे ६००, दोन माणसांचे २२०, दिवे आणि छोटा फ्रिज १५०. आता फटी. दारं, खिडक्या, रिव्हेटांची भोकं यांतून तासाला दोनदा हवा बदलते असं धरलं तर जवळजवळ ५०० वॅट, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसत्या बाष्पाचा. एकूण झाले २,५७०. एक टन म्हणजे सुमारे ३,५१७ वॅट. म्हणजे पाऊण टनाच्या जरा आतच.

गॅसवाल्यांचा माटव घाला आणि परत मांडा. छत १५० वर येईल, काचा २०० वर, भिंती ३५० वर. एकूण १,६७०. अर्ध्या टनाहूनही कमी! माटव होईल चार हजारांत, बांबू-झाप वाडीतलेच असतील तर त्याहून कमी.

पण बघा, माटवाने फटींचे ५०० जसेच्या तसे राहिले. तिथे रबरच लागेल. दाराची आणि खिडक्यांची सगळी रबरं बदला, रिव्हेट तपासा. जहाजावर आम्ही कोल्ड रूमच्या दाराच्या गॅस्केटला जेवढं जपायचो तेवढं कंप्रेसरलाही जपत नसू.

म्हणून: पाऊण टन किंवा खाली उतरू शकणारा एक टनाचा इन्व्हर्टर. त्याहून मोठा नको.

कोरडी हवा | २४ फेब्रुवारी, रात्री ९:४५

दीड टन मागे घेतो. पाण्याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. एक शंका: स्प्लिटमध्ये आर-२९० गॅसचा पर्याय पर्यावरणाला सर्वात चांगला ना? मग तोच का नको?

तांबडी माती | २५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

प्रश्न रास्त आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा तापमानवाढीचा गुणांक (कार्बन डायऑक्साइडचा १ धरून) ३, आर-३२ चा ६७५ आणि ताईंच्या जुन्या आर-२२ चा १,८१०. घराच्या खोलीत मी आर-२९० आनंदाने लावीन. पण डब्याचा आतला आकार २०-२१ घनमीटर. एक टनाच्या युनिटमधला आर-२९० सुमारे ३०० ग्रॅम. सगळा आत सुटला तर पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या सदतीस-अडतीस टक्के होतो, तेही हवेत सारखा मिसळला तर. तो हवेपेक्षा जड, तळाला साचतो, तिथे प्रमाण ओलांडू शकतं. आर-३२ साडेसहाशे ग्रॅम सुटला तर तोच आकडा दहा टक्क्यांच्या आसपास राहतो. झोपायच्या छोट्या, बंद जागेत मी आर-३२ च निवडीन.

घाटमाथा | २५ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

मी कोल्हापूरला गाड्यांच्या बॉडी बांधतो, काही व्हॅनिटी आणि दोन-तीन कॅराव्हॅन केल्या आहेत. वर कुणी छताबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो.

जो माणूस दर महिन्याला ट्रेलर ओढून घाट चढतो-उतरतो, त्याला मी छतावरचाच एसी सांगतो. सगळं एका पेटीत, गॅसचा एकही उघडा सांधा नाही, धक्क्यांसाठीच बांधलेला. स्प्लिटचे फ्लेअर सांधे, म्हणजे नळीचं तोंड रुंदावून नटाने आवळलेले जोड, रोजच्या धक्क्यांनी तडकतात. पण ताईंचा डबा वर्षाला सहा किलोमीटर चालतो. तिथे छतावर चाळीस-पंचेचाळीस किलोचं ओझं आणि कोकणच्या तीन हजार मिलिमीटर पावसात १४ इंचाचं भोक सांभाळायचं कशाला? भोक बंद करा आणि स्प्लिट लावा.

बंद करायची रीत. मऊ झालेलं सगळं प्लाय भोकाच्या कडेपासून कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत कापून काढा. वर १.२ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, चारी बाजूंनी दोन इंच जास्त. मधे ब्युटाइल रबराची चिकट पट्टी, मग ॲल्युमिनियमचेच बंद तोंडाचे रिव्हेट. लोखंडी स्क्रू एकही नको. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कडेला पॉलियुरेथेनचं सीलंट. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातून सुटणारं ॲसिड पत्र्याला लागतं.

ह्याच कारणासाठी तांब्याचा पाइप डब्याच्या अंगाला कुठेही टेकता कामा नये. भिंतीतून जाताना पीव्हीसीची नळी घाला. एसीचं पाणीसुद्धा तांब्याच्या कॉइलवरून येतं, ते पत्र्यावर ठिबकत राहिलं तर काही वर्षांत भोकं पडतात. नळी थेट जमिनीपर्यंत न्या.

सुरुबन | २६ फेब्रुवारी, रात्री १०:००

हा धागा मी छापून आईला वाचून दाखवला. माटवाचं ऐकल्यावर ती म्हणाली, "बाबा पहिली दोन वर्षं घालायचे, मग गुडघे दुखायला लागले." मला हे माहीतच नव्हतं.

ठरलं: माटव, रबरं, छताचं ठिगळ, नवी केबल आणि अर्थिंग, मग एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, आर-३२, लेपाची तांब्याची कॉइल. बाहेरचं युनिट कुठे ठेवू? पुढच्या, ओढायच्या आकड्याच्या तिकोनी सांगाड्यावर जागा आहे, पण तिथे आत्ता गॅसचा सिलिंडर असतो.

घाटमाथा | २६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

सिलिंडर तिथून हलवाच. विजेचं युनिट आणि गॅस शेजारी-शेजारी नकोत. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या जवळ जातो, बाहेरचं युनिट चोवीस-पंचवीस किलोचं असेल. म्हणजे आकड्यावरचा भार जवळपास तोच राहतो, ओढताना मागचं अंग डुलणार नाही. खाली गॅल्व्हनाइज्ड अँगल, मधे रबरी गादी. आतलं युनिट बाहेरच्या पातळ पत्र्यावर लटकवू नका, कपाटाच्या प्लायच्या आडभिंतीला मागून फळी देऊन बसवा.

सुरुबन | २ एप्रिल, रात्री ९:१५

काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

छतावरचा एसी उतरवायला बांबूंची तिकाटी उभी केली आणि कप्पीने खाली घेतला. गॅस आधी यंत्राने काढून घेतला, निम्मा तर उडूनच गेला होता. खालचं प्लाय हाताने चुरा होत होतं. भोकाच्या प्रत्येक बाजूला जवळजवळ एक फूट कापावं लागलं. एका कोपऱ्यात बाबांनी लावलेलं डांबर सापडलं, तेवढाच कोपरा कोरडा होता.

पाइप तीन मीटरचा. मेकॅनिक कुडाळहूनच आले. त्यांनी सांगाड्याजवळ पाइपला दोन मोठी वळणं दिली, डबा हलताना ताण सांध्यावर न येता वळणांवर यावा म्हणून. नट पान्याने अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळले. पाइपमधली हवा आणि ओल पंपाने ५०० मायक्रॉनच्या व्हॅक्यूमपर्यंत खेचून अर्धा तास काटा हलतो का ते बघत बसले, आणि मगच गॅस सोडला. मी आजवर घरी लावलेल्या दोन्ही एसींना कुणी हे केल्याचं पाहिलं नव्हतं.

केबल, रॉड, आरसीसीबी सगळं झालं. आरसीसीबीचं टेस्ट बटण आईला दाबायला लावलं, तिला ते महत्त्वाचं वाटलं. बाबांची चिठ्ठी नव्या बोर्डात परत लावली आहे, खाली माझी ओळ जोडून: 'एसीची लाइन नवी, लाल = फेज'.

गॅसवाला कुडाळ | २ एप्रिल, रात्री ९:५०

बरां झाला. नट आवळूचो टॉर्क पानो नसलेल्या माणसाक डब्याक हात लावूक देवू नकात.

सुरुबन | ११ मे, सकाळी ७:३०

महिनाभराच्या नोंदी देते, कुणाला उपयोग होईल.

माटवाआधी, मार्चमध्ये, दुपारी तीनला बंद डब्यात ३९ अंश होते. माटवानंतर, एप्रिलमध्ये, तीच वेळ, एसी बंद ठेवून: ३४. एसी लावल्यावर पन्नास मिनिटांत २६ अंश आणि ५६ टक्के. रात्री दहा ते सकाळी सहा, २६ वर, मीटरवर पावणेतीन ते तीन युनिट. एका रात्री नळीखाली बादली ठेवली, आठ तासांत साडेचार लिटर पाणी जमलं. सुरुवातीला दाराचं रबर बदलायचं राहिलं होतं, तेव्हा सहा लिटरच्या वर जमायचं.

दाब १७८ पर्यंत उतरला होता, तरी चालला.

तांबडी माती | ११ मे, सकाळी ८:१०

सहाचे साडेचार! हेच बघायचं होतं. आता २६ च्या खाली नेऊ नका. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं तो, २६-२७ च्या आसपास असतो. आत वीसवर ठेवलंत तर बाहेरचं बाष्प भिंतीत शिरून आतल्या पॅनेलच्या पाठीवर पाणी होईल आणि तुमचं नवं प्लाय आतून कुजेल. गार हवं असेल तर पंखा वाढवा.

पाणकावळा | ११ मे, सकाळी ९:००

आईंना झोप लागते का?

सुरुबन | ११ मे, दुपारी १:२०

लागते. पहिल्या रात्री म्हणाली, लाटा ऐकू येतात. जुन्या एसीच्या घरघरीत पन्नास पावलांवरचा समुद्र तिला इतकी वर्षं ऐकूच येत नव्हता. ती पहाटेपर्यंत जागीच होती, ऐकत.

सुरुबन | २४ मे, सकाळी १०:०५

एक नवीन अडचण. कालपासून आतल्या युनिटमधून कपाटावर पाणी ठिबकतंय. उतार तपासला, बरोबर आहे. रविवारी डबा शेडमध्ये न्यायचा आहे, त्याआधी सुटलं तर बरं.

गॅसवाला कुडाळ | २४ मे, सकाळी १०:३०

नळयेचा भायला तोंड बघा. कुंभारीण माशयेन घर केला असताला. ती माती आणून नळी लिंपता. बारीक तारेन काढा, मगे तोंडाक मच्छरदाणीचो तुकडो बांधा.

सुरुबन | २४ मे, दुपारी १२:१५

अगदी तेच होतं, नळीत तोंडापासून वीतभर आत मातीची तीन घरं. काढली, जाळी बांधली, ठिबकणं थांबलं. नळीचं तोंड आता आईने लावलेल्या अळवाच्या वाफ्यात सोडलं आहे. माटव उद्या उतरवतो.